‘नासा’च्या नावाची नासाडी

काही महिन्यांपूर्वी आमच्या कचेरीत वडगावचे एक गृहस्थ आले. यंत्रमागावर काम करणारे, मितभाषी. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी न घालता जपून आणलेले एक प्रमाणपत्र होते. मुलगा आठवीत शिकतो. एका खासगी शिकवणीवर्गाने ‘नासाची परीक्षा’ घेतली, मुलाची ‘नासाने निवड केली’ आणि अमेरिकेच्या सहलीचा पहिला हप्ता म्हणून पालकांकडून पंचेचाळीस हजार रुपये भरून घेतले. सहल काही निघाली नाही आणि पैसेही परत मिळेनात. तरीही गृहस्थांचा त्या कागदावरचा विश्वास ढळलेला नव्हता. ‘कागद तर सरकारी दिसतोय की, वकीलसाहेब. अमेरिकेच्या सरकारचा,’ असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

आम्ही कागद पाहिला. माथ्यावर निळे गोल बोधचिन्ह होते आणि त्याखाली ठसठशीत इंग्रजी अक्षरांत छापले होते : ‘नॅशनल एरोनॉटिकल स्पेस एजन्सी ऑफ अमेरिका’.

एका ओळीत चार चुका. ‘एरोनॉटिक्स’च्या जागी ‘एरोनॉटिकल’. मधले ‘अँड’ गायब. ‘ॲडमिनिस्ट्रेशन’च्या जागी ‘एजन्सी’. आणि शेवटी ‘ऑफ अमेरिका’ हे पदरचे शेपूट. कागद खोटा आहे हे समजण्यासाठी आम्हांला वॉशिंग्टनला पत्र धाडावे लागले नाही, की हस्ताक्षरतज्ज्ञ गाठावा लागला नाही. माथ्यावरचे नाव पुरेसे होते. जगातील कोणतेही सरकारी खाते कितीही बेफिकीर असले, तरी स्वतःच्या शीर्षकपत्रावर स्वतःचे नाव चुकीचे छापत नाही.

खरी शरमेची गोष्ट पुढेच आहे. हेच नाव, याच चार चुकांसह, गावातील एका मोठ्या फलकावर दोन महिने झळकत होते. त्याखालून शिक्षक गेले, प्राध्यापक गेले, पत्रकार गेले, आम्ही स्वतः रोज न्यायालयात जाताना गेलो. एकाही सुशिक्षिताची नजर अडखळली नाही. मागावरच्या माणसाने फसावे यात त्याचा दोष काय? त्याला सावध करू शकतील अशा सर्वांनी ते नाव वाचले होते आणि कोणालाही त्यात काही खटकले नव्हते. म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे सरळ आहे. संस्थेचे नाव ही तिची ओळख आहे. ते इंग्रजीत लिहायचे तर ती संस्था स्वतः लिहिते तसेच लिहिले पाहिजे. आपण मराठीत तिचे जे वर्णन करतो, त्याचे उलट भाषांतर म्हणजे तिचे नाव नव्हे. ‘नासा’ आणि ‘इस्रो’ ही दोन नावे आपल्याकडे सर्वांत जास्त वापरली जातात आणि सर्वांत जास्त नासवलीही जातात, म्हणून त्यांचाच विचार करू.

एक आक्षेप आधीच निकालात काढतो. आमचे काही स्नेही म्हणतात, ‘तुम्ही मराठीचे कैवारी. इंग्रजी परकी भाषा. तिच्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले तर तुमच्या पोटात का दुखावे?’ आमचे उत्तर असे : ज्या जिल्ह्यात गावाच्या नावातील एका अक्षरासाठी माणसे रस्त्यावर उतरतात, न्यायालयात जातात, पिढ्यान्‌पिढ्या भांडतात, त्या जिल्ह्यातील माणसाने तरी ‘नावात काय आहे’ असे म्हणू नये. आपले नाव दुसऱ्याने नीट लिहावे असा आग्रह धरणाऱ्याने दुसऱ्याचे नाव नीट लिहिण्याचे बंधन स्वतःवर घेतलेच पाहिजे. तो आग्रह एकतर्फी असेल तर त्याला अभिमान म्हणता येणार नाही, तो केवळ हट्ट ठरतो.

नाव कसे घडले

आता ‘नासा’चे पूर्ण नाव पाहू : नॅशनल एरोनॉटिक्स अँड स्पेस ॲडमिनिस्ट्रेशन. यातला प्रत्येक शब्द विचाराने ठेवलेला आहे आणि त्यातील एक तर विधिमंडळाने बदलून ठेवलेला आहे.

‘नासा’च्या आधी अमेरिकेत विमानविद्येसाठी एक सल्लागार समिती होती. १९१५ साली स्थापन झालेली ही नॅशनल ॲडव्हायझरी कमिटी फॉर एरोनॉटिक्स. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाचा स्पुतनिक आकाशात गेला आणि अमेरिकेची झोप उडाली. पुढल्या वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी जे विधेयक काँग्रेसकडे धाडले, त्यात नव्या संस्थेचे नाव नॅशनल एरोनॉटिक्स अँड स्पेस ‘एजन्सी’ असेच होते. काँग्रेसने विधेयक तपासताना ‘एजन्सी’ काढून ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ घातले. २९ जुलै १९५८ रोजी कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून संस्था कामाला लागली. म्हणजे आपल्या फलकांवरची ‘एजन्सी’ हे कायद्याच्या दारातूनच परत पाठवलेले नाव आहे.

‘एजन्सी काय आणि ॲडमिनिस्ट्रेशन काय, अर्थ एकच’ असे म्हणणाऱ्यांसाठी त्याच वर्षाचे दुसरे उदाहरण देतो. १९५८ सालीच अमेरिकेत नागरी विमानवाहतुकीसाठी फेडरल एव्हिएशन ‘एजन्सी’ निर्माण झाली. १९६७ साली ती वाहतूक विभागात सामील झाली, तेव्हा तिचे नाव फेडरल एव्हिएशन ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ झाले. शब्द बदलला तेव्हा रचनेतील स्थानही बदललेले होते. हे शब्द हवे तसे अदलाबदल करण्याजोगे असते तर ही उठाठेव कोणी केली नसती. ‘ॲडमिनिस्ट्रेशन’ असल्यामुळेच ‘नासा’च्या प्रमुखाचे पदनाम ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ आहे. त्याला ‘चेअरमन ऑफ नासा’ किंवा ‘प्रेसिडेंट ऑफ नासा’ म्हणणे म्हणजे जिल्हाधिकाऱ्याला जिल्हाध्यक्ष म्हणण्यासारखे आहे. ‘चेअरमन’ हे पदनाम ‘इस्रो’च्या प्रमुखाचे आहे. या दोन पदनामांची सरमिसळ शालेय सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही आम्ही पाहिली आहे.

आता पहिला ‘ए’. हे अक्षर ‘एरोनॉटिक्स’चे, म्हणजे विमानविद्येचे आहे. आपण ‘नासा’ म्हणजे ‘अमेरिकी अंतराळ संशोधन संस्था’ असे एकदा ठरवले की विमानविद्या डोळ्यांआड होते. या संस्थेचा वारसा १९१५ पासूनचा विमानसंशोधनाचा आहे आणि ते संशोधन ती आजही करते, हे नाव सांगत असते. वर्णन मात्र ते लपवते. शब्दाचे रूपही महत्त्वाचे आहे. ‘एरोनॉटिक्स’ हे विद्येचे नाव, ‘एरोनॉटिकल’ हे विशेषण. विशेषण घातले की ‘अँड’ला जोडण्यासाठी दुसरे नामच उरत नाही, म्हणून तेही गळते. एक चूक दुसरीला बोलावते ती अशी.

उलट भाषांतराचा सापळा

या चुका येतात कोठून? आमच्या मते बहुतेक चुकांचे मूळ अडाणीपणात नाही, उलट भाषांतरात आहे. मराठी वृत्तपत्रे ‘नासा’ला ‘अमेरिकेची अंतराळ संशोधन संस्था’ म्हणतात. मराठी वाचकाला समजावे म्हणून केलेले ते वर्णन आहे आणि वर्णन म्हणून त्यात काही गैर नाही. पण विद्यार्थ्याला इंग्रजीत निबंध लिहायचा असतो, संयोजकाला इंग्रजीत पत्रिका छापायची असते, तेव्हा तो हे वर्णन उचलतो आणि शब्दाला शब्द लावून परत इंग्रजीत नेतो. त्यातून ‘अमेरिकन स्पेस रिसर्च ऑर्गनायझेशन’ नावाची, पृथ्वीतलावर नसलेली संस्था जन्माला येते.

‘इस्रो’च्या बाबतीत हा सापळा आणखी फसवा आहे. संस्थेचे इंग्रजी नाव इंडियन स्पेस रिसर्च ऑर्गनायझेशन. हिंदीत ‘ऑर्गनायझेशन’साठी ‘संगठन’ वापरतात : भारतीय अंतरिक्ष अनुसंधान संगठन. मराठीत तसा ‘संघटना’ शब्द घातला तर ती कामगारांची किंवा कर्मचाऱ्यांची संघटना वाटेल. म्हणून मराठीने ‘संस्था’ हा शब्द घेतला : भारतीय अंतराळ संशोधन संस्था. मराठी म्हणून ही निवड अगदी योग्य आहे. पण ‘संस्था’ म्हटले की आपल्या डोक्यात इंग्रजी ‘इन्स्टिट्यूट’ उमटते आणि शाळांच्या पत्रिकांवर ‘इंडियन स्पेस रिसर्च इन्स्टिट्यूट’ छापले जाते. तसे असते तर तिचा संक्षेप ‘इस्रो’ न होता ‘इस्री’ झाला असता, एवढाही विचार कोणी करीत नाही.

यात नुसते हसण्यासारखे नाही, गोंधळ होण्यासारखेही आहे. कारण अवकाश विभागाच्या छायेत खरोखरची ‘इन्स्टिट्यूट’ आहे. तिरुवनंतपुरम येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पेस सायन्स अँड टेक्नॉलॉजी २००७ साली सुरू झाली. ती शिक्षणसंस्था आहे, तेथे विद्यार्थी पदवीसाठी प्रवेश घेतात. देहरादूनला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग आहे. ‘इन्स्टिट्यूट’ म्हणून ‘इस्रो’चा पत्ता शोधणारा विद्यार्थी यांपैकी कोणत्या दारात जाऊन उभा राहील?

तेव्हा नियम एवढाच : मराठीत मराठी वर्णन करा, हक्काने करा. इंग्रजीत मात्र नाव मुळातूनच उचला.

एस की झेड

मुळातून उचला म्हणजे अक्षरांसकट उचला. ‘इस्रो’च्या नावातील ‘ऑर्गनायझेशन’ हा शब्द ‘एस’ने लिहिला जातो. संगणक पुष्कळदा त्याखाली लाल रेघ ओढतो आणि ‘झेड’ सुचवतो, आपण निमूटपणे ते मान्य करतो आणि भारतीय संस्थेचे नाव अमेरिकी वर्तनीत लिहून मोकळे होतो. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिकृत इंग्रजी नावात हाच शब्द ‘झेड’ने आहे. तेथे ‘आपली भारतीय वर्तनी’ म्हणून ‘एस’ घालणे तितकेच चूक. सामान्य नामाची वर्तनी लिहिणाऱ्याच्या प्रथेनुसार ठरते. विशेषनामाची वर्तनी नाव धारण करणारा ठरवतो.

‘सेंटर’ या शब्दाचेही तसेच. श्रीहरिकोट्याचे सतीश धवन स्पेस सेंटर आणि तिरुवनंतपुरमचे विक्रम साराभाई स्पेस सेंटर यांच्या नावात शेवटी ‘आर-ई’ आहे. फ्लोरिडातील केनेडी स्पेस सेंटरच्या नावात ‘ई-आर’ आहे. एकाच परिच्छेदात दोन्ही आली तर दोन्ही आपापल्या रीतीने लिहावी लागतील. ते विसंगत दिसेल, पण बरोबर तेच असेल.

मोठ्या अक्षरांचा प्रश्न थोडा नाजूक आहे, तेथे आम्ही कर्मठपणा करणार नाही. ‘नासा’ स्वतःचे नाव चारही मोठ्या अक्षरांत लिहिते. ब्रिटनमधील बीबीसी आणि गार्डियन मात्र केवळ पहिले अक्षर मोठे ठेवतात. शब्दासारखा उच्चारला जाणारा संक्षेप शब्दासारखाच लिहावा, असा त्यांचा संकेत आहे. तो संकेत जाणून आणि सर्वत्र सारखा पाळणाऱ्याला आम्ही चूक म्हणणार नाही. पण आपल्याकडे अमुक एका संकेताने कोण लिहितो? एकाच पत्रात वर चारही अक्षरे मोठी, खाली पहिलेच मोठे, आणि तिसऱ्या ओळीत प्रत्येक अक्षरापुढे टिंब. अर्ज, पत्र, प्रमाणपत्र, शपथपत्र अशा कागदांत चारही मोठी अक्षरे, टिंबांविना, हाच सुरक्षित मार्ग. २०२० साली अवकाश क्षेत्रातील खासगी उद्योगांच्या परवानगीसाठी आपल्या सरकारने जे केंद्र जाहीर केले, त्याचे लघुनाव ‘इन-स्पेस’ असे वाचतात. त्यात आडवी रेघ आहे आणि शेवटचा ‘ई’ मुद्दाम लहान ठेवलेला आहे. विचित्र वाटले तरी ते त्याचे नाव आहे. ते आपण सुधारायचे नसते.

‘द’ कोठे आणि कोठे नाही

मराठी माणसाला इंग्रजीत सर्वांत जास्त छळणारा शब्द म्हणजे ‘द’. मराठीत उपपद नाही. ‘नासाने यान सोडले’ म्हटले की काम झाले, विभक्ती सरळ नावालाच लागते. इंग्रजीत शिरताना मग आपण दोनपैकी एक करतो : सगळीकडे ‘द’ पेरतो, नाहीतर सगळीकडून उपटतो.

नियम कठीण नाही. पूर्ण नाव वाक्यात आले की त्याआधी ‘द’ येतो. संक्षेप असेल तर तो कसा उच्चारला जातो ते पाहावे. अक्षरे सुटी सुटी वाचली जातात अशा सरकारी संस्थांच्या संक्षेपाआधी सामान्यतः ‘द’ येतो : द एफबीआय, द सीआयए, द यूएन. संक्षेप सलग शब्दासारखा वाचला जात असेल तर सामान्यतः ‘द’ येत नाही : युनेस्को, युनिसेफ, नेटो आणि त्याच रांगेत नासा व इस्रो. म्हणून ‘द नासा हॅज लाँच्ड’ किंवा ‘द इस्रो हॅज अनाउन्स्ड’ हे कानाला खटकले पाहिजे.

या नियमाची गंमत ‘नासा’च्या स्वतःच्या इतिहासात दिसते. १९१५च्या त्या जुन्या समितीचा संक्षेपही चारच अक्षरांचा होता : एन, ए, सी, ए. तिचे कर्मचारी तो कधीच ‘नाका’ असा सलग वाचत नसत. चारही अक्षरे सुटी उच्चारीत आणि आधी ‘द’ लावीत. १९५८ साली ‘सी’च्या जागी ‘एस’ आला, नवे नाव सलग वाचले जाऊ लागले आणि ‘द’ गळून पडला.

‘नासा’ विशेषणासारखे वापरले तर मात्र पुढल्या नामाचे उपपद येते आणि ते बरोबर असते : ‘द नासा रिपोर्ट’ म्हणजे तो विशिष्ट अहवाल. तेथे ‘द’ अहवालाचा आहे, ‘नासा’चा नाही. शास्त्रज्ञ एक असेल तर ‘अ नासा सायंटिस्ट’ पण ‘ॲन इस्रो सायंटिस्ट’, कारण ‘इस्रो’चा पहिला उच्चार स्वराचा आहे. आणि ‘इस्रो ऑर्गनायझेशन’, ‘नासा एजन्सी’ हे तर ‘पिवळा पीतांबर’च. ‘ओ’ हे अक्षर ‘ऑर्गनायझेशन’च सांगत असताना तोच शब्द पुन्हा कशाला?

उच्चाराबद्दल एक शब्द. इंग्रजी बोलणारे ‘नॅसा’ म्हणतात, म्हणून मराठीतही ‘नॅसा’ लिहावे असा आग्रह कोणी धरू नये. ‘नासा’ हे रूप मराठीत रुळले आहे, त्याला विभक्ती सुखाने लागते, ते मराठीचे झाले आहे. इंग्रजीचे नियम इंग्रजीत पाळावेत, मराठीत ते आणू नयेत.

‘नासा म्हणते’

आतापर्यंत अक्षरांविषयी बोललो. पण नाव अक्षरशः बरोबर लिहूनही ते चुकीचे वापरता येते आणि ही चूक सर्वांत घातक आहे. ती होते क्रियापदापाशी. ‘नासा सेज’ या दोन शब्दांनी सुरू होणारे संदेश रोज आपल्या हातातल्या फोनवर येतात. त्या वाक्याचा कर्ता खरोखर कर्ता आहे काय, हे पाहणेही नावाच्या अचूकतेतच मोडते.

‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे असे नासाने जाहीर केले’ हे वाक्य आमच्या पिढीने शाळेच्या व्यासपीठांवरून शेकडो वेळा ऐकले. त्याच्या मुळाशी १९८५ सालचा एक लेख आहे. रिक ब्रिग्ज या संशोधकाने तो ‘एआय मॅगझिन’ या नियतकालिकात लिहिला. ते ‘नासा’च्या एम्स संशोधन केंद्रातील एका संगणकशास्त्र संस्थेशी संबंधित होते. संस्कृत वैयाकरणांची अर्थविश्लेषणाची पद्धत आणि यंत्रासाठी ज्ञान मांडण्याची आधुनिक पद्धत यांत साम्य आहे, असा त्यांचा मुद्दा. विषय गंभीर, लेख वाचनीय. पण तो एका संशोधकाचा लेख होता, ‘नासा’चा ठराव नव्हता. धारवाडच्या एखाद्या प्राध्यापकाने निबंध लिहिला म्हणून ‘कर्नाटक शासनाने घोषित केले’ असे आपण म्हणू काय? इंग्रजीत बरोबर वाक्य असे होईल : एम्स केंद्राशी संबंधित एका संशोधकाने १९८५ साली असे प्रतिपादले. वाक्य लांब आहे, टाळ्या कमी मिळतील, पण खरे आहे. पाणिनीच्या थोरवीला खोट्या दाखल्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण दर दिवाळीत येते. भारताचा नकाशा पांढऱ्या, निळ्या, हिरव्या, तांबड्या दिव्यांनी उजळलेला आणि खाली ओळ : दिवाळीच्या रात्री ‘नासा’ने टिपलेला भारत. ते चित्र एका रात्रीचे नाही आणि मुळात ‘नासा’चेही नाही. अमेरिकेच्या नॅशनल ओशनिक अँड ॲटमॉस्फेरिक ॲडमिनिस्ट्रेशनच्या शास्त्रज्ञाने संरक्षण खात्याच्या हवामान उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून ते २००३ साली बनवले. लोकवस्तीची वाढ दाखवण्यासाठी वेगवेगळ्या काळांना वेगवेगळे रंग दिले होते. हा गैरसमज इतका पसरला की २०१२ साली ‘नासा’लाच त्याचा खुलासा करून दिवाळीतील एका रात्रीचे खरे चित्र प्रसिद्ध करावे लागले. त्या चित्रात दिवाळी वेगळी ओळखूसुद्धा येत नाही.

फलकावरचे ‘नासाने निवड केली’ हे वाक्यही याच जातीचे. फ्लोरिडातील केनेडी स्पेस सेंटरचा अभ्यागत विभाग तिकीट काढून कोणालाही पाहता येतो आणि तो विभाग ‘नासा’साठी एक खासगी कंपनी चालवते. तेथे मुलांना नेणे ही चांगली गोष्ट आहे, ज्यांना परवडते त्यांनी जरूर न्यावे. पण सहलीच्या व्यवस्थापकाने यादी केली म्हणजे ‘नासाने निवड केली’ असे होत नाही. म्हैसूरचा राजवाडा तिकीट काढून पाहणाऱ्याला राजवाड्याने निमंत्रण दिलेले नसते.

नावामागे कोण उभे आहे

वकिलाला हा आग्रह का, हे आता सांगतो. आमच्या व्यवसायात पक्षकाराचे नाव चुकले की पुढचे सगळेच लटकते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ७९व्या कलमानुसार केंद्र सरकारविरुद्ध दावा लावायचा तर प्रतिवादी म्हणून ‘युनियन ऑफ इंडिया’ हे नाव लिहावे लागते. ‘इस्रो’ हा अवकाश विभागाचा भाग आहे. उलट अँट्रिक्स कॉर्पोरेशन ही १९९२ साली स्थापन झालेली, सरकारच्या मालकीची पण कायद्याने स्वतंत्र अशी कंपनी आहे. वर्तमानपत्रांनी ज्याला ‘इस्रो–देवास करार’ म्हटले, तो जानेवारी २००५ चा करार ‘इस्रो’ने केलेलाच नव्हता. तो अँट्रिक्स आणि देवास मल्टिमीडिया यांच्यातील होता. २०११ साली तो रद्द झाला. २०१५ साली लवादाने ५६.२५ कोटी डॉलरचा निवाडा दिला, तो अँट्रिक्सविरुद्ध. देवासच्या परदेशी गुंतवणूकदारांनी भारत सरकारविरुद्ध जे लवाद उभे केले ते वेगळे, ते द्विपक्षीय गुंतवणूक करारांच्या आधारे. फसवणुकीच्या कारणाने देवास गुंडाळण्याच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये शिक्कामोर्तब केले. देणे कंपनीचे की राष्ट्राचे, मालमत्ता कोणाची जप्त होणार, असे कोट्यवधींचे प्रश्न ज्या नावांवर अवलंबून होते, ती नावे आपण मथळ्यांत बिनदिक्कत एकमेकांच्या जागी वापरत होतो.

कायद्यानेही नावांना कुंपण घातले आहे. अमेरिकेच्या संघीय संहितेत ‘नासा’चे पूर्ण नाव किंवा ती चार अक्षरे, अथवा त्यांची भासमान नक्कल, संस्थेशी नसलेला संबंध सुचवण्यासाठी धंद्यात वापरण्यास मनाई आहे. आपल्याकडे बोधचिन्हे व नावे यांचा अनुचित वापर रोखणारा १९५०चा कायदा आहे. केंद्र वा राज्य सरकारचा आश्रय सुचवणारी नावे व्यापारात विनापरवानगी वापरण्याला तो आडकाठी करतो. आणि खोटी ओळख सांगून पैसे घेतले असतील तर भारतीय न्याय संहितेचे ३१८वे कलम आहेच. मात्र कायदा येतो तो फसवणूक झाल्यानंतर. ती होण्याआधी अडवू शकते ती वाचणाऱ्याची नजर.

म्हणून आमची मागणी कायदेमंडळाकडे नाही, आपल्याच माणसांकडे आहे. शिक्षकांनी आठवीच्या वर्गात ही दोन नावे पूर्ण लिहून घ्यावीत, ‘अँड’ आणि ‘एस’ यांच्यासकट. फलक छापणाऱ्याने मजकूर हातात घेताना ‘हे नाव कोठून उतरवले?’ एवढे विचारावे. पत्रकारांनी ‘नासाने निवड केली’ अशी बातमी हातात आली की निवडीचे पत्र पाहावे आणि त्याचा माथा वाचावा. पालकांनी, इंग्रजी येत नसेल तर, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडून तो वाचून घ्यावा. आणि आम्ही काळ्या कोटातल्यांनी फलकाखालून जाताना मान वर करावी.

वडगावच्या त्या गृहस्थांचे पैसे नोटिशीनंतर दोन हप्त्यांत परत आले. प्रमाणपत्र त्यांनी आमच्याकडेच ठेवले. जाताना त्यांनी विचारले, ‘मग पोराला पडलेले मार्क बी खोटेच काय, साहेब?’ आम्ही प्रश्नपत्रिका मागवून पाहिली. गणिताचे तीस प्रश्न होते, सत्तावीस त्याने बरोबर सोडवले होते. पोराचे गुण खरे होते. खोटे होते ते फक्त माथ्यावरचे नाव. ते वाचायला आम्हांला जो उशीर झाला, त्याचा हिशेब मात्र कोणत्याही नोटिशीने चुकता होणार नाही.